गुलामगिरी संपल्याच्या तारखा आणि त्यांतल्या अटी

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक यादी फिरते. डावीकडे देशाचे किंवा राज्याचे नाव आणि उजवीकडे तिथे गुलामगिरी बंद झाल्याचे साल: व्हरमाँट १७७७, फ्रान्स १७९४, ब्रिटन १८३३, अमेरिका १८६५, ब्राझील १८८८. यादी आली की पाठोपाठ भांडण येते. एक बाजू सांगते की इंग्रज आले म्हणून हिंदुस्थानातली गुलामगिरी गेली, १८४३ चा कायदा पाहा. दुसरी बाजू उसळून म्हणते की आमच्याकडे गुलामगिरी नव्हतीच, आणि कोणी ती करू पाहिली तेव्हा शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच डचांना बजावले होते. तुमचे इंग्रज तेव्हा आफ्रिकेतून माणसे भरून नेत होते. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात, पण ज्या गृहीतावर भांडण उभे आहे ते दोघांनाही बिनतक्रार मान्य असते: ज्याचे साल आधीचे तो देश, तो धर्म, तो राजा अधिक सभ्य.

या तारखा खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्या जवळजवळ सगळ्याच मालकाच्या दप्तरातून आलेल्या आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे. कायदेमंडळाने कोणत्या दिवशी काय मंजूर केले हे त्यांतून कळते. ऊस तोडणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता खाली ठेवून निघून जाता आले का, हे कळत नाही. म्हणून अशी कोणतीही तारीख समोर आली की आधी तिच्या अटी वाचायला हव्यात. त्या दिवशी नेमके कोण सुटले, ज्यांना थांबवून ठेवले त्यांना किती वर्षे थांबवले, आणि त्या उशिराचा खर्च कोणाच्या अंगावर पडला? हे विचारले की यादीतला क्रम पार विस्कटतो, आणि पुष्कळ देशांचा तोराही उतरतो.

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांपासूनच सुरुवात करू, कारण 'उत्तर स्वतंत्र आणि दक्षिण गुलाम' हे चित्र आपल्या शालेय पुस्तकांनी पक्के बसवले आहे. व्हरमाँटने १७७७ च्या राज्यघटनेत गुलामगिरी नाकारली हे खरे. पण ती बंदी प्रौढांपुरती होती, म्हणजे पुरुषांना २१ आणि स्त्रियांना १८ वर्षांनंतरची. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा तर जगातल्या आद्य मुक्तिकायद्यांत गणला जातो. त्या कायद्याने मुक्त किती झाले? ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी एकही नाही. १ मार्च १७८० पूर्वी जन्मलेला आणि मालकाने रीतसर नोंदवलेला गुलाम जन्मभर गुलामच राहिला. त्यानंतर जन्मलेले मूल स्वतंत्र ठरले खरे, पण आईच्या मालकाकडे २८ वर्षे राबून झाल्यावर. म्हणजे या कायद्याचा लाभ मिळालेला पहिला माणूस १८०८ च्या आधी मालकाच्या उंबरठ्याबाहेर पडू शकत नव्हता, आणि राज्यातली गुलामगिरी पुरती संपायला १८४७ उजाडले. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये हाच नमुना उचलला, मुलांना २८ आणि मुलींना २५ वर्षे. पुढे १८१७ च्या कायद्याने ४ जुलै १८२७ ही शेवटची तारीख ठरवली. मधल्या काळात कित्येक मालकांनी मुदत भरत आलेली माणसे दक्षिणेत नेऊन विकली. यादीतल्या १७९९ ने त्या विकल्या गेलेल्यांना काय दिले?

न्यू जर्सीचे प्रकरण मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण कायद्याच्या भाषेत माणूस किती सफाईने अडकवता येतो याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तिथला कायदा १८०४ चा. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल स्वतंत्र; मात्र मुलगी असेल तर २१ आणि मुलगा असेल तर २५ वर्षांपर्यंत तिने किंवा त्याने आईच्या मालकाची चाकरी करायची. मालकाने मुलाच्या जन्माची नोंद तालुका कचेरीत करायची. आता खरी मेख पुढे आहे. मूल वर्षाचे झाले की मालकाला त्याच्यावरचा हक्क सोडून देण्याची मुभा होती. हक्क सोडलेले मूल गावच्या गरीबखात्याकडे जाई, आणि गरीबखाते ते सांभाळण्यासाठी कोणाकडे तरी सोपवी. सांभाळणाऱ्याला राज्याच्या तिजोरीतून महिन्याला ३ डॉलरपर्यंत मिळत. हा सांभाळणारा पुष्कळदा तोच जुना मालक असे. म्हणजे मूल त्याच घरात, त्याच आईजवळ, त्याच कामासाठी वाढत होते आणि त्याच्या पोषणाचे पैसे मालक सरकारकडून घेत होता. या कलमापायी राज्याचा खजिना इतका रिता होऊ लागला की ते काढून टाकावे लागले. पुढे १८४६ मध्ये न्यू जर्सीने गुलामगिरी 'रद्द' केली, आणि उरलेल्या गुलामांना 'आजन्म उमेदवार', म्हणजे जन्मभराचे शिकाऊ कामगार, असे नाव दिले. १८६० च्या अमेरिकी जनगणनेत, यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर, या उत्तरेकडील राज्यात १८ गुलाम नोंदवलेले आहेत. गुलामगिरी रद्द करणारी घटनेची तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये समोर आली तेव्हा न्यू जर्सीच्या कायदेमंडळाने ती आधी फेटाळली आणि जानेवारी १८६६ मध्ये, ती देशभर लागू होऊन गेल्यावर, मंजूर केली. मग या राज्यापुढे साल कोणते लिहायचे, १८०४, १८४६ की १८६६?

यावर एक उत्तर मिळते आणि ते हलके नाही. क्रमाक्रमाने जाण्याखेरीज त्या काळी गत्यंतर नव्हते, असे ते उत्तर आहे. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्या विधिमंडळांत मालक स्वतःच बसलेले होते. एकदम मुक्तीचा कायदा तिथे एका मतानेही पुढे सरकला नसता. २८ वर्षांची अट ही पुढच्या पिढीच्या सुटकेसाठी मोजलेली किंमत होती, आणि अर्धी भाकरी उपासापेक्षा बरी. आजच्या सोयीच्या खुर्चीत बसून १७८० च्या माणसांना दोष देणे सोपे असते, हेही मान्य. पण 'गत्यंतर नव्हते' हे विधान तपासता येते, कारण त्याच काळात आणि शेजारीच दुसरी गत दिसते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८१ साली बेट नावाच्या एका गुलाम स्त्रीने आपल्या मालकावर दावा लावला. मालकिणीने उगारलेला तापलेला फावडा तिने मध्ये पडून अंगावर घेतला होता आणि त्याचा व्रण ती उघडा ठेवून हिंडत असे, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. राज्याच्या नव्या घटनेत सर्व माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात असे लिहिले आहे, मग मी कशी गुलाम, एवढाच तिचा मुद्दा होता. ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्युरीने तिला मुक्त ठरवले आणि वर ३० शिलिंग नुकसानभरपाई दिली. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. लवकरच क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांतून त्याच अर्थाचा निकाल लागला, आणि १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य होते. ना २८ वर्षे, ना मालकांना भरपाई. राज्य बुडाले नाही.

दुसरा दाखला वेस्ट इंडिजमधल्या अँटिग्वा बेटाचा. ब्रिटिश संसदेचा १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला तेव्हा सहा वर्षांखालील मुले तेवढी ताबडतोब सुटली. बाकीच्यांना 'उमेदवारी' करायची होती, शेतावरच्यांना सहा वर्षे आणि इतरांना चार. आठवड्याचे बहुतेक तास पूर्वीच्याच मालकाकडे, पूर्वीच्याच मळ्यावर, बिनपगारी. अँटिग्वा आणि बर्म्युडा यांनी ही उमेदवारी नाकारून पहिल्याच दिवशी पूर्ण मुक्ती दिली. अँटिग्वाच्या मळेवाल्यांना माणुसकीचा उमाळा आला होता असे समजू नये. बेटावरची सगळी लागवडीची जमीन मळ्यांखालीच होती, सुटलेला मजूर जाणार कुठे, हा हिशेब त्यात होता. पण एकदम मुक्ती दिली तर रक्तपात होईल आणि साखर बुडेल, हे जे भाकीत लंडनमध्ये रात्रंदिवस ऐकवले जात होते, ते त्या बेटाने खोटे पाडले. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्याच १ ऑगस्टला मुक्त झालेली, बहुतांशी वयस्क, माणसे गव्हर्नरच्या कचेरीपुढे जमली. गव्हर्नर त्यांना उमेदवारीचे नियम समजावू लागला तेव्हा जमाव फ्रेंचमध्ये एकच घोषणा देत राहिला: सहा वर्षे नकोत. क्रमाक्रमाच्या शहाणपणाबद्दल ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांचे मत हे होते. या विरोधाला ब्रिटनमधल्या चळवळीची जोड मिळाली आणि उमेदवारी सहाऐवजी चार वर्षांतच, १ ऑगस्ट १८३८ रोजी, गुंडाळावी लागली. यादीत मात्र १८३३ राहते.

ब्रिटनच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो, आणि माझ्या मते तो त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. फायद्याचा धंदा स्वतःहून बंद करणारी, त्यासाठी तिजोरीतून पैसा ओतणारी आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अर्धशतकाहून अधिक काळ आरमार ठेवून इतरांची गुलामवाहू जहाजे पकडणारी दुसरी सत्ता दाखवा, असे ते म्हणतात. त्या आरमाराने सुमारे दीड लाख माणसे जहाजांतून सोडवली आणि त्या कामी कित्येक खलाशी तापाने मेले. ते नाकारणे कद्रूपणाचे होईल. पैशाचे काय? संसदेने २ कोटी पौंड मंजूर केले, तेव्हाच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा भाग ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. पण हा सारा पैसा गेला मालकांना. सुमारे ८ लाख गुलामांपैकी एकालाही त्यातला पेनी मिळाला नाही, उलट उमेदवारीच्या रूपाने त्यांच्याकडून चार वर्षांची मजुरी वसूल झाली. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांना अडीच हजार गुलामांपोटी १ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. याच जॉन ग्लॅडस्टन यांनी उमेदवारी संपत आल्याचे पाहून कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून हिंदी मजूर मागवले, आणि मे १८३८ मध्ये ब्रिटिश गियानात हिंदुस्थानी मजुरांची पहिली दोन जहाजे लागली. एकाच माणसाला गुलाम सोडल्याची भरपाई मिळाली आणि त्या जागी दुसरे मजूरही मिळाले. मुक्तीचा खर्च ब्रिटनने केला म्हणताना या व्यवहाराची दुसरी बाजू कोणत्या रकान्यात लिहायची?

हैतीच्या वाट्याला तर हिशेब उलटाच आला. सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीतले, म्हणजे पुढच्या हैतीतले, गुलाम १७९१ मध्ये उठले. त्यांच्या रेट्यापुढे तिथल्या फ्रेंच आयुक्ताला १७९३ मध्ये मुक्ती जाहीर करावी लागली, आणि पॅरिसने फेब्रुवारी १७९४ मध्ये तिच्यावर शिक्का मारला. यादीतले फ्रान्सचे १७९४ हे साल म्हणजे खरे तर हैतीच्या गुलामांची कमाई आहे. नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली, ग्वादेलूपमध्ये ती परत लादली, हैतीत मात्र त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी तो देश स्वतंत्र झाला. फ्रान्सच्या उरलेल्या वसाहतींतले लोक १८४८ पर्यंत गुलाम राहिले. आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले, बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. रक्कम पुढे ९ कोटींवर आली, पण ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशाच्या मानगुटीवर होते. ज्यांनी स्वतःला स्वतःच सोडवले त्यांनी आपली किंमत स्वतःच भरली.

मुक्तीच्या तारखेला लगटून दुसरी तारीख उभी असते, हे आपल्याला तरी विसरता येऊ नये, कारण त्या दुसऱ्या तारखेत आपली माणसे आहेत. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर घेऊन आलेले 'अ‍ॅटलस' जहाज तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजीच पोर्ट लुईला पोहोचले होते. आज तिथे हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टीचे आहेत. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजे गेली, त्यांत कोकणातले मराठी बोलणारे लोक होते आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर गणेशचतुर्थी साजरी करतात. डचांनी १ जुलै १८६३ रोजी सुरिनाममध्ये गुलामगिरी बंद केली, मालकांना माणसामागे ३०० गिल्डर दिले आणि सुटलेल्यांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यावरच राबवले. ती दहा वर्षे १८७३ च्या जुलैत भरली, आणि त्याच जूनमध्ये हिंदुस्थानी मजुरांचे पहिले जहाज 'लल्ला रूख' पारामारिबोला लागले. गिरमिट, म्हणजे ही करारबद्ध मजुरी, गुलामगिरीच होती असे मी म्हणणार नाही. कराराला मुदत होती, मजुरी ठरलेली होती, मूल जन्मतः कोणाच्या मालकीचे होत नव्हते, आणि हे फरक फार मोठे आहेत. पण मळेवाल्याच्या अंगाने पाहिले तर त्याच्या शेतावर एकाही हंगामात हात कमी पडू नयेत याची सोय मुक्तीच्या कायद्यातच करून ठेवलेली दिसते.

इथवर आल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की मग हे कायदे म्हणजे नुसते कागद. मालक बदलले, नावे बदलली, बाकी सगळे जिथल्या तिथे. हा युक्तिवाद जहाल वाटतो, पण त्यात आळस आहे, आणि ज्यांच्या नावाने तो केला जातो त्यांच्याच कर्तबगारीवर तो पाणी ओततो. कायदा कागद असेल, पण बेटने त्याच कागदातले एक वाक्य धरून मालकाला कोर्टात खेचले. ब्राझीलचेच पाहा. १८७१ च्या कायद्याने जन्मणारी मुले मुक्त, पण मालकाची इच्छा असेल तर २१ वर्षांपर्यंत राबणारी. १८८५ च्या कायद्याने साठी ओलांडलेले मुक्त, पण आणखी तीन वर्षे चाकरीची अट घालून. साठ वर्षे राबलेल्या माणसाकडून आणखी तीन वर्षे मागणाऱ्या या उदारपणाची तेव्हाही टिंगल झाली. हे कायदे कागदीच होते, पण त्यांनी गुलामगिरी हा सनातन हक्क नसून संपत आलेली सवलत आहे, हे मालकांच्या तोंडून वदवले. सिआरा प्रांतात १८८१ मध्ये फोर्तालेझाच्या तराफेवाल्यांनी ठरवले की दक्षिणेत विकायला चाललेले गुलाम आपण जहाजापर्यंत नेणार नाही. तिथे धक्का नव्हता, जहाज दूर खोल पाण्यात उभे राही, आणि तराफ्याखेरीज कोणीही तिथवर पोहोचू शकत नसे. सगळा व्यापार त्या लाटांत अडकला. सिआराने मार्च १८८४ मध्ये, देशाच्या चार वर्षे आधी, गुलामगिरी संपवली. १८८७ मध्ये साव पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवरून गुलाम झुंडीने निघून जाऊ लागले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी राजकन्या इझाबेलला कळवले की पळालेल्यांचा पाठलाग हे सैन्याचे काम नव्हे. १३ मे १८८८ चा दोन कलमी कायदा आला तेव्हा त्याला रद्द करण्यासारखे बरेच कमी उरले होते. ती तारीख राजकन्येच्या खाती लिहिली जाते. तराफेवाल्यांच्या खाती एखादी ओळ तरी असावी.

शिवाय एका ठिकाणची तारीख दुसऱ्या ठिकाणी मागणी होऊन उभी राहते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. अमेरिकेतल्या मुक्तीतले दोष त्यांना माहीत असते तरी त्यांनी तेच केले असते असे मला वाटते, कारण त्यांना अमेरिकेला गुण द्यायचे नव्हते, इथल्या शूद्रातिशूद्रांच्या वतीने दाखला द्यायचा होता. तेरावी दुरुस्ती 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' सक्तीच्या श्रमाला वाट मोकळी ठेवते, आणि त्या वाटेने दक्षिणेतल्या राज्यांनी हजारो काळ्या कैद्यांना खाणींत आणि मळ्यांत भाड्याने दिले, हे खरे. पण अशा फटी आता एकेक राज्य आपापल्या घटनेतून बुजवते आहे: कोलोरॅडोने २०१८ मध्ये, आणि २०२२ मध्ये व्हरमाँटनेही, म्हणजे यादीत पहिला क्रमांक मिरवणाऱ्या राज्यानेच.

आता घरच्या भांडणाकडे येऊ. १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेच्या वेळी शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात, मी या मुलखाचा धनी आहे तोवर तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेता येणार नाहीत किंवा बाहेर नेता येणार नाहीत, असे स्पष्ट आहे, आणि तसा प्रयत्न झाल्यास महाराजांची माणसे अडवतील असेही. डच त्या वेळी कोरोमंडल किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन बटाव्हिया (आजचे जकार्ता) आणि सिलोनला नेत होते. त्या काळी युरोपातली एकही मोठी सागरी सत्ता असे बोलत नव्हती, आणि या आदेशाचा अभिमान वाटणे रास्त आहे. पण तो व्यापाराला घातलेला बांध आहे. तुलना करायचीच तर ती ब्रिटनच्या १८०७ च्या व्यापारबंदीशी करावी लागेल, १८३३ शी नव्हे. आणि ब्रिटनमध्येही या दोहोंच्या मध्ये पाव शतक गेले. आपल्याकडे पुढे पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या-दिल्या जात होत्या, सरकारी वाड्यांत आणि किल्ल्यांवर कामाला ठेवल्या जात होत्या, आणि हे सगळे पेशवे दप्तरात नोंदलेले आहे. 'आमच्याकडे नव्हतीच' म्हणणाऱ्यांनी या बायकांना कुठे ठेवायचे ते सांगावे. महाराजांच्या आदेशाचा मान राखायचा, तर तो पुढे का पाळला गेला नाही हा प्रश्न त्यांच्या अभिमान्यांनीच सर्वांत आधी विचारायला हवा.

आणि इंग्रजांचे श्रेय? १८३३ च्या ज्या कायद्याचे एवढे गोडवे गायले जातात, त्यातच कंपनी सरकारचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना वगळले आहेत असे कलम आहे. हिंदुस्थानासाठी दहा वर्षांनी १८४३ चा पाचवा कायदा आला. चार कलमांचा तो कायदा वाचला तर दिसते की गुलाम बाळगणे त्याने गुन्हा ठरवले नाही. सरकारी वसुलीसाठी माणूस विकायचा नाही, माणसावरची मालकी न्यायालये मान्य करणार नाहीत, गुलाम म्हणून कोणाची स्वकष्टाची मिळकत हिरावता येणार नाही, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो गुलामाविरुद्धही गुन्हा, इतकेच त्याने म्हटले. माणसाची खरेदी-विक्री दंडनीय व्हायला १ जानेवारी १८६२ रोजी दंडसंहिता अमलात यावी लागली. गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता. पोर्तुगालच्या नावापुढे याद्यांत १७६१ दिसते, पण तो कायदा बाहेरून पोर्तुगालात आणल्या जाणाऱ्या गुलामांपुरता होता. साम्राज्यभरच्या मुक्तीचा हुकूम १८६९ चा, आणि तोही १८७८ पर्यंत जुन्या मालकाकडे राबण्याची अट घालून.

१८४३ ने जे दार लावले त्याच्या शेजारी कर्जाचे दार सताड उघडे राहिले. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये लग्नगडी ही पद्धत होती: लग्नासाठी जमीनदाराकडून काही रुपये घ्यायचे, आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, नवऱ्याने आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे राबायचे. ही पद्धत मोडली १८४३ ने नव्हे आणि १८६२ नेही नव्हे. १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर, वारली उठले आणि त्यांनी जमीनदाराच्या खळ्यावर जाणे थांबवले, तेव्हा ती मोडली. यादीत या जिल्ह्याची नोंद करायची झाली तर मी १९४५ लिहीन.

स्वतंत्र भारताच्या घटनेने तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई केली. ऑक्टोबर १९७५ मधला अध्यादेश आणि १९७६ चा अधिनियम यांनी अशी सर्व कर्जे एका फटक्यात रद्द केली. ज्या क्रमाची वर चर्चा झाली त्यात हा कायदा वेगळा उठून दिसतो, कारण यात मालकाला भरपाई नाही, मुदत नाही, उमेदवारी नाही. कागदावर हा पेनसिल्व्हेनियापेक्षा आणि १८३३ पेक्षा कितीतरी सरस आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीवरचे काम हेही सक्तीचेच श्रम, असे ठरवले. तरीही वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाची सुटका झाल्याची बातमी अजून येते. ऊसतोडीला निघालेल्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली म्हणजे तो आपोआप वेठबिगार ठरत नाही. पण उचल फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या फडावर जाता येत नसेल, तर तो १९७६ च्या व्याख्येत बसतो, आणि हे ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीचे आहे.

त्या कचेरीतून मिळणारे मुक्तीचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय सुटलेल्या मजुराला पुनर्वसनाचा हक्क सांगता येत नाही. २०१६ च्या केंद्रीय योजनेने ही मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख आणि अत्यंत क्रूर प्रकरणांत ३ लाख रुपये अशी ठरवली. १८३३ मध्ये पैसा मालकाकडे गेला होता, इथे तो राबणाऱ्याकडे जातो, आणि हा बदल लहान नाही. पण तातडीची काही हजारांची रक्कम सोडली तर बाकीची मदत आरोपी मालकाला शिक्षा होण्याशी जोडली गेली. जॉन ग्लॅडस्टन यांना १ लाख पौंड मिळण्यासाठी त्यांच्या मळ्यावर किती माणसे आहेत एवढे नोंदवहीत दाखवणे पुरेसे होते. वीटभट्टीवरून सुटलेल्या बाईला २ लाख रुपयांसाठी तिच्या मालकाचा खटला पुरा होईपर्यंत थांबावे लागते.